जनरेटरजवळची खुर्ची

केम, ३ मार्च २०२५

सौ. रेश्माताई यांस,
सप्रेम नमस्कार.

"वाजवणाऱ्याला आधी ऐकावं, मग सुपारी द्यावी," असं आमचे वडील मला फार वर्षांपूर्वी म्हणाले होते. म्हणाले तेव्हा मांडव उठून दोन तास झाले होते, त्यामुळे त्या दिवशी त्याचा उपयोग झाला नाही. पण वाक्य मी जपून ठेवलं आहे.

मी कुंडलिक, केमला पोस्टमन आहे. तुमच्या डीजेच्या गाडीवरचा नंबर पाहून फोन केला होता. तुम्ही "हॅलो" म्हणालात आणि मागे ढम ढम सुरू झालं. पुढचं काही कळलं नाही. म्हणून पत्र. तसंही तोंडी बोललेलं माणूस नाकारतो, लिहिलेलं नाकारता येत नाही.

आमच्याकडे एक लग्न आहे. सुपारी देण्याआधी तुमचे मालक कसे वाजवतात ते मला प्रत्यक्ष लग्नात ऐकायचं आहे. अकरा मे रोजी वाशिंब्याला तुमची सुपारी आहे असं समजलं. तिथे मी येईन आणि बाजूला उभा राहीन. मात्र मी येणार हे त्या घरच्यांना कळवू नये ही विनंती.

आपला,
कुंडलिक

*

जुळे सोलापूर, १० मार्च

आदरणीय कुंडलिकराव,
नमस्कार.

पत्र आलं म्हणून मी आधी घाबरले. आमच्याकडे पाकिटं येतात ती आवाजाच्या तक्रारीचीच. तुमचं वाचून बरं वाटलं. वडिलांचं ते वाक्य ओळखीचं वाटलं, अगदी शब्दन् शब्द. कुठे ऐकलं ते आठवत नाही.

वाजवतात ते माझे यजमान इंद्रजीत. बाकी सगळं मी बघते, आणि त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे तुमच्यासारखी 'आधी ऐकायला येणारी' माणसं. रागावू नका. मागच्या वर्षी बार्शीचं एक कुटुंब असंच ऐकायला पाठवलं. दोन येणार होते, अकरा आले. पहिल्या पंगतीला बसले, दुसऱ्या पंगतीलाही बसले, आणि घरी जाऊन निरोप दिला की डीजे चांगला आहे, पण जिलेबी गार होती, तेव्हा तुम्हाला सुपारी देणार नाही. एक गृहस्थ वरातीत घड्याळ लावून दोन गाण्यांमधलं अंतर मोजत होते. नवरदेवाचे वडील समजले, पोलीस आले.

सगळेच असे नसतात. जानेवारीत उजनीकाठच्या एक बाई आल्या होत्या. स्टीलचा तांब्या आणला होता, काठोकाठ पाणी भरलेला. तो गाडीसमोर खुर्चीवर ठेवला आणि अर्धा तास पाण्याकडे बघत बसल्या. मग उठून म्हणाल्या, "पानी हललं, पर सांडलं न्हाय. घ्या सुपारी."

माझी आई म्हणायची, लग्नात आलेल्याला 'कुणाकडचे' असं विचारू नये, पाप लागतं. आपल्याकडे खरंच कुणी विचारत नाही. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे. त्याचाच फायदा घेऊन आपण परक्या मांडवात माणसं घुसवावीत हे मला बरं वाटत नाही. म्हणून आता मी लग्नघरच्यांना विचारल्याशिवाय कुणाला पाठवत नाही. लपून तर नाहीच.

तुम्ही शनिवारी आमच्या शेडवर या. गाडी तिथेच असते. इंद्रजीत पंधरा मिनिटं वाजवून दाखवतील.

आणि वाशिंब्याच्या सुपारीबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?

आपली,
रेश्मा

*

केम, १६ मार्च

सौ. रेश्माताई यांस,
सप्रेम नमस्कार.

काल शेडवर येऊन गेलो. चहाबद्दल आभारी आहे. इंद्रजीतरावांनी मनापासून वाजवलं. समोर मी, तुम्ही आणि शेजारच्यांची एक शेळी. शेळी पहिल्या गाण्याला पळाली, दुसऱ्याला परत आली. म्हणजे माणसाच्या हातात कला आहे, हे कबूल.

पण ताई, रिकाम्या अंगणात वाजवणं म्हणजे पत्र नसताना दार ठोठावण्यासारखं आहे. मला पाहायचं आहे ते वेगळंच. नवरी बाहेर येते तेव्हा हा माणूस काय लावतो? तिच्या आईचे डोळे भरले तर त्याला गाडीवरून दिसतं का? चुकीचं काही लागलं तर किती वेळात बंद करतो? आणि स्पष्ट विचारतो, राग मानू नका: त्यांना एकूण किती गाणी येतात?

मला खऱ्या लग्नात ऐकू द्या. वाशिंब्याचं कुणी सांगितलं म्हणता, तर पोस्टमनला सगळं कळतं.

आपला,
कुंडलिक

*

जुळे सोलापूर, २० मार्च

कुंडलिकराव,

'एकूण किती गाणी येतात' हे मी इंद्रजीतना वाचून दाखवलं. पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही. वीस वर्षं स्पीकरच्या बॉक्सांजवळ उभं राहून त्यांचा डावा कान गेला आहे. आमच्या घरात निम्मं बोलणं हाताच्या खुणांनी होतं. मीठ हवं असलं तर चिमूट दाखवतात. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं तेव्हा इतके हसले की खालच्या मजल्यावरच्या काकू बघायला आल्या.

तुमचं पत्र मात्र मी नंतर एकटीनं पुन्हा वाचलं. नवरीच्या आईचे डोळे गाडीवरून दिसतात का, हे आजवर मला कुणीही विचारलेलं नाही. लोक बॉक्स किती आणि लाइट किती ते विचारतात. मला वाटू लागलंय, ऐकायला येणाऱ्यांना गाणं ऐकायचंच नसतं. आपल्या घरचं कार्य आधीच एकदा सुखरूप पार पडलेलं बघायचं असतं, दुसऱ्याच्या मांडवात का होईना.

तर ऐका. तीस मार्चला विजापूर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात मोहोळच्या बापूसाहेबांच्या मुलीचं लग्न आहे. मी त्यांना विचारलं. "एकच मानूस ना? येऊ द्या की," म्हणाले. जनरेटरजवळ तुमच्यासाठी एक निळी खुर्ची ठेवते. तिथेच बसायचं. फेटा बांधून घ्यायचा नाही, कारण फेटा बांधला की माणूस पाहुणा होतो. जेवायचं नाही. स्टेजकडे जायचं नाही. अर्धा तास झाला की उठायचं. मी स्वतः येणार नाही, त्या दिवशी दुसरी पार्टी भेटायला येतेय. पण तुमच्यावर विश्वास आहे.

रेश्मा

*

केम, २ एप्रिल

सौ. रेश्माताई यांस,
सप्रेम नमस्कार.

कळवण्यास अत्यंत वाईट वाटतं की तुम्ही सांगितलेल्यापैकी एकही गोष्ट पाळली गेली नाही.

दारातच फेटेवाला होता. मी म्हटलं, मी फक्त ऐकायला आलोय. तो म्हणाला, "पाव्हणं, डोक्याला फेटा असला म्हणून ऐकू यायचं थांबतंय व्हय? हलू नका." बोलेपर्यंत चार वेढे झाले होते.

तरी मी तुमच्या खुर्चीवर जाऊन बसलो. वरात दारात आली. इंद्रजीतरावांनी असं काही लावलं की माझ्यासमोरचा म्हातारा काठी बाजूला ठेवून नाचला. नवरीचे मामा, धोंडीराम त्यांचं नाव, हे मला मागाहून कळलं, पाहुण्यांचं स्वागत करायला म्हणून बाहेर आले होते ते डोळे मिटून नाचू लागले. आत भटजी माइकवरून पुकारत होते, मुलीचे मामा, मुलीचे मामा. तुमच्या आवाजापुढे कुणाला काय ऐकू येणार? पुढे डीजे बंद झाला तोवर धोंडीरामांना नाचून घेरी आली होती आणि ते कुणाच्या तरी गाडीत जाऊन आडवे झाले होते.

तेवढ्यात मुलाकडच्या दोघांनी मला दंडाला धरलं. "मामा, हितं काय बसलाय गार वारं खात? पोरगी खोळंबलीय!" मी म्हटलं, मी मामा नव्हे. ते म्हणाले, "सगळं मामा ऐनवेळेला असंच रुसतात, चला." मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचे कुणी वडीलधारे अडचण ओळखून उभे राहतायत, त्यांना नाही कसं म्हणायचं? बापूसाहेबांच्या पत्नीला सात चुलतभाऊ आहेत. बापूसाहेबांना वाटलं, त्यातलाच मी एक.

नवरीनं तेवढं विचारलं, हळूच. "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "केमचा पोस्टमन." ती म्हणाली, "मुहूर्त चाललाय. थांबा आता."

मी थांबलो. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा होतो. मग ती पाया पडली. मामानं रिकाम्या हातानं आशीर्वाद द्यायचा नसतो, म्हणून आमच्या मंडळींसाठी घेतलेली सोलापुरी चादर पिशवीत होती ती दिली. मग जेवलो. पाठवणी झाल्यावर निघालो. अर्ध्या तासाचे पाच तास झाले.

इंद्रजीतराव उत्तम वाजवतात. आता अकरा मेला वाशिंब्याला एकदा ऐकलं की माझी खात्री होईल.

आपला अपराधी,
कुंडलिक

*

जुळे सोलापूर, ८ एप्रिल

कुंडलिकराव,

तीन दिवस मी तुमच्यावर चिडले होते. चौथ्या दिवशी फोटो आले आणि मला रागावता येईना.

अल्बममध्ये तुम्ही एकेचाळीस फोटोंत आहात. धोंडीराम एका फोटोत आहेत, तोही नाचताना पाठमोरा. ते त्या दिवसापासून बहिणीकडे जेवलेले नाहीत. बापूसाहेबांचा मला फोन आला. "ताई, त्यो मानूस तुमचा का आमचा?" मी खरं सांगितलं. मग म्हणाले, "आता पोरगी म्हनती, दिवाळीला केमला चादरवाल्या मामाकडं जायचंय. मी काय करू?" उत्तर तुम्हीच त्यांना लिहा.

आता माझं ऐका. मला तुमच्या वडिलांचं वाक्य कुठे ऐकलं ते आठवलं. तांब्यावाल्या बाई निघताना तेच म्हणाल्या होत्या. मी सुपारीची वही काढून बघितली. गोजरबाई, वाशिंबे, मुलगी अंकिता, अकरा मे.

इंद्रजीतना कानानं कमी ऐकू येतं, पण डोळ्यांनी सगळं दिसतं. तुम्ही विचारलं होतं ना? गाडीवरून त्यांना तुम्हीच दिसलात. परक्या मुलीच्या मागे उभं राहून रडत होतात, असं त्यांनी मला खुणेनं सांगितलं. गालावरून बोट ओढलं आणि डोक्यावर फेट्याचा आकार काढला.

तुमच्याकडे लग्न नाही. खरं काय ते लिहा, नाहीतर वाशिंब्याला येऊ नका.

रेश्मा

*

केम, १५ एप्रिल

रेश्माताई,

गोजर माझी धाकटी बहीण. अंकिता माझी भाची. मी तिचा एकुलता एक मामा आहे.

दोन हजार एक साली गोजरचं लग्न झालं. बँड ठरवायचं काम माझ्याकडे होतं. शेजारच्या तालुक्यातला एक बँड मी न ऐकताच ठरवला, कारण त्यांचे कोट फार छान होते. लाल, सोनेरी बटणांचे. पाहुणे वेशीत आले आणि बँड सुरू झाला. दोन मिनिटांत आमच्या चुलत्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हातारी माणसं इकडेतिकडे बघू लागली, कोण गेलं म्हणून. तो बँड मयतीला वाजवणारा होता. त्यांना एकच चाल येत होती.

मी ती अर्ध्यात बंद पाडली. सगळ्यांना ट्रॉलीत कोंबून मीच ट्रॅक्टर घेऊन गावाबाहेर निघालो. आणि ती माणसं, ताई, इतकी इमानदार की सुपारी घेतली आहे म्हणून उरलेली चाल त्यांनी ट्रॉलीत उभं राहून पुरी केली. सात किलोमीटर. वाटेत एका शेतकऱ्यानं नांगर थांबवून मला हात जोडले.

गोजरच्या सासूनं तिला जन्मभर टोचलं, तुझं लग्न मयतीच्या सुरावर लागलं. मी तिला कुठल्या तोंडानं भेटणार? भाऊबीज गेली, राखी गेली. ती चाल मी पुन्हा तोंडातून काढीन तर बापाचं नाव लावणार नाही, अशी शपथ घेतली आहे.

परवा वाशिंब्याहून लग्नाच्या पत्रिका टपालानं आल्या. केममध्ये चौदा. चौदाही मी घरोघर वाटल्या. पंधरावी आहे का म्हणून पिशवी उलटी करून पाहिली.

मला मान नको, फेटा नको. तिनं ठरवलेला माणूस अंकिताच्या लग्नात भलतंच काही वाजवणार नाही एवढी खात्री हवी होती. जनरेटरजवळ बसेन. गोजरला दिसणार नाही.

कुंडलिक

*

वाशिंबे, २५ एप्रिल

रेश्माताईस गोजरबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र पावलं. फोन आसताना पत्र कशाला धाडलं म्हनून आदी नवल वाटलं. मग वाचलं आन् समजलं, कुणाची सवय लागलीया तुमाला.

केमचं एक गिऱ्हाईक वाजप ऐकाय येऊ म्हनतंय, येऊ द्यायचं का, आसं इचारता. गिऱ्हाइकाचं नाव कुंडलिक हाय हे तुमी लिवलंय. बरं केलं. लपवलं आसतं तर मी सुपारी मोडली आसती.

येऊ द्या. पर त्याला येक सांगा. बँडचं मी तवाच इसरले. सासू टोचायची, तीबी गेली. पाठवणीच्या येळंला मी गाडीत बसताना मागं वळून बघितलं. आई हुती, वडील हुते, भाऊ न्हवता. त्यो बँड घालवाय गेल्ता. बँड काय रस्ता चुकला आसता व्हय? ते मी न्हाय इसरले.

आन् पत्रिका मुद्दाम न्हाय धाडली. भावाला काय टपालानं पत्रिका देत्यात? आक्षता घेऊन जावं लागतं. दोनदा निगाले. येकदा केमच्या ठेसनापातुर आले. त्यो सायकलीवरनं टपाल वाटत चालल्याला दिसला, मान खाली घालून. मला बघितलं न्हाय. तशीच मागारी फिरले.

येक काम हाय, तुमच्या मालकांचं. अंकी लहान आसताना रोज इचारायची, आये, तुज्या लग्नात काय वाजलं गं? मी तीच चाल गुनगुनायची. त्याच चालीवर ती झोपायची. तिला ती लग्नाचीच वाटती. आता म्हनती, माज्या पाठवणीला तीच वाजाय पायजे. मला निम्मीच येती, निम्म्यावर आमच्या दादानं बंद पाडली. फुडची त्याला ठाऊक आसंल, ट्रॅक्टरवर त्योच हुता.

मी त्याला इचारनार न्हाय. तुमी बगा.

गोजर

*

जुळे सोलापूर, ३० एप्रिल

कुंडलिकदादा,

गोजरताईंचं पत्र सोबत जोडते आहे. त्यांना विचारलं नाही, पण त्या रागावणार नाहीत असं वाटतं. आधी ते वाचा, मग माझं.

वाचलंत? मीही दोनदा वाचलं. चोवीस वर्षं तुम्ही एका चालीची लाज धरून बसलात आणि गोजरताई एका रिकाम्या जागेकडे बघत बसल्या. दोघांनी दोन वेगळ्याच गोष्टींची शिक्षा भोगली. हे वाचल्यापासून मी घरात बारीकसारीक विचारत सुटले आहे. काल इंद्रजीतना विचारलं, तुम्हाला माझा कशाचा राग आहे का? त्यांनी बोटांची चिमूट दाखवली. मला वाटलं, थोडासा आहे म्हणतात. आमटीत मीठ कमी होतं.

असो. जनरेटरजवळची खुर्ची अकरा तारखेला मी ठेवणार नाही. गिऱ्हाईक म्हणून यायला गोजरताईंची परवानगी आहे, पण माझी नाही. ज्या माणसानं मोहोळच्या परक्या मुलीची पाठवणी शेवटपर्यंत पाहिली, त्याला सख्ख्या भाचीच्या लग्नात जनरेटरचा धूर खात बसवणं मला जमणार नाही.

आता चालीचं. इंद्रजीतनी पेनड्राइव्ह धुंडाळले, ओळखीच्या चार बँडवाल्यांना विचारलं. तुमच्या त्या लाल कोटवाल्यांचा पत्ता लागला नाही. एका म्हाताऱ्या सनईवाल्यानं सांगितलं की तशा चाली आता मयतीलाही कुणी वाजवत नाही. गोजरताईंनी त्यांच्या जवळची निम्मी फोनवरून गुणगुणून पाठवली. इंद्रजीतनी ती उजव्या कानाला लावून ऐकली आणि सावकाश की-बोर्डवर बसवली. ती जिथे तुटते तिथे त्यांचा हात थांबतो आणि ते माझ्याकडे बघतात. पुढे काय, मला माहीत नाही. पुढचं या जगात, आम्हाला ठाऊक असलेल्या एकाच माणसाकडे आहे, आणि त्यानं बापाच्या नावाची शपथ घेतली आहे.

म्हणून तुम्ही नाहीच म्हणाल, हे धरून चालले आहे. शपथ मोडा असं बाईमाणसानं सांगू नये, हेही मला कळतं. तरी लिहिते, कारण लिहिलेलं नाकारायला तुम्हालाच जड जातं.

अकरा तारखेला सकाळी आठला या. मांडवात जायच्या आधी, मागे गाडीपाशी. इंद्रजीतच्या उजव्या बाजूला बसा, डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. आणि ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा आम्हाला गुणगुणून दाखवा. वाजवणाऱ्याला आधी ऐकावं, असं तुमच्याच वडिलांनी सांगितलं आहे.

तुमची,
रेश्मा